एलसी आली, आता गाठी भरायच्या का? स्विफ्ट संदेश वाचण्यापासून खात्यात पैसे येईपर्यंतची कामे, क्रमाने

खरेदीदार ढाक्याचा, जिनिंग यवतमाळ जिल्ह्यातली, मध्ये दोन बँका. अशा सौद्यात पैसा अडकतो तो बहुतेक वेळा रुईच्या प्रतीवरून नव्हे. बिल्टीवरची तारीख, इनव्हॉइसवरचा एखादा शब्द किंवा दोन दिवस उशिरा पोचलेला लखोटा, असल्या गोष्टींवरून अडकतो. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद मिळाले की पैसे देऊ, ही खरेदीदाराच्या बँकेची हमी. तिच्यात बँक कागद बघते, गाठ फोडून बघत नाही. तरीही आपल्याकडे आधी ट्रक भरतात आणि एलसी नंतर वाचतात. हा क्रम उलटा करायचा आहे.

हिशोबासाठी एकच उदाहरण धरू: रुईच्या 600 गाठी, सरासरी 170 किलोची गाठ, म्हणजे 1,02,000 किलो. किलोला 1.70 डॉलर धरले तर 1,73,400 डॉलर. भाव नुसता उदाहरणाचा आहे. गोंदियाचा तांदूळ असो की वाशीमची हळद, पायऱ्या याच. सोबतची प्रमाणपत्रे तेवढी बदलतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. स्विफ्ट पैसे वाहून नेत नाही. ती बँकांमधली सुरक्षित निरोपाची यंत्रणा आहे. हमी असते ती निरोप पाठवणाऱ्या बँकेची, आणि तीही निरोपात लिहिलेल्या शब्दांपुरतीच.

टप्पा 1: सौद्याआधी आपल्या बँकेत

आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक) आणि कस्टम्सकडे नोंदवलेला एडी कोड (परकीय चलनाचे काम करणाऱ्या आपल्या बँक शाखेचा क्रमांक) तयार हवा, हे गृहीत धरतो. खरी अडचण शाखेची असते. तालुक्याच्या शाखेत बहुधा परकीय चलनाचे काम होत नाही. ते नागपूरच्या किंवा मुंबईच्या शाखेतून चालते. जिल्हा सहकारी बँकेत खाते असेल तर या कामासाठी दुसऱ्या बँकेत खाते काढावे लागण्याची शक्यता धरून चाला. बँकेला हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या:

1. एलसी कोणत्या शाखेत उतरणार आणि त्या शाखेचा बीआयसी म्हणजे स्विफ्ट कोड काय?
2. खरेदीदाराच्या बँकेशी तुमचे आरएमए आहे का? आरएमए म्हणजे दोन बँकांनी एकमेकींचे प्रमाणित संदेश घ्यायला दिलेली परवानगी. ती नसेल तर एलसी थेट येत नाही, तिसऱ्या बँकेमार्फत येते. त्यात दिवस जातात आणि त्या बँकेचे शुल्कही लागते.
3. कागद तुम्ही कुठे तपासणार? मुंबईत तपासणार असाल तर शाखेतून लखोटा कोणत्या दिवशी निघतो?

तपासा: स्विफ्ट कोडच्या जागी आयएफएससी देण्याची चूक फार होते, कारण दोन्ही 11 अक्षरांचे असू शकतात. आयएफएससीत पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. स्विफ्ट कोडमध्ये पाचव्या-सहाव्या जागी देशाची अक्षरे असतात, भारतासाठी आय आणि एन. स्विफ्ट कोड 8 अक्षरांचाही असतो. शेवटची 3 अक्षरे शाखेची असतात.

फर्मचे नाव संदेशात कसे बसेल तेही आत्ताच ठरवा. लाभार्थ्याच्या, म्हणजे माल विकणाऱ्या तुमच्या, रकान्यात 35 अक्षरांच्या 4 ओळी मिळतात, त्यातच पत्ता. शेतकरी उत्पादक कंपन्यांची लांबलचक नावे इथे तुटतात, मग समोरची बँक मनाने काटछाट करते. त्या रकान्यात इंग्रजी 'अँड'चे चिन्हही चालत नाही, पूर्ण शब्द लिहावा लागतो. खरेदीदाराला नाव ओळी पाडूनच पाठवा आणि तेच रूप इनव्हॉइसवर वापरा.

टप्पा 2: प्रोफॉर्मा देतानाच अटी ठरवा

एलसी उघडल्यावर बदल करणे म्हणजे खर्च आणि आठवडा. उघडण्याआधी तेच काम एका फोनवर होते. म्हणून खरेदीदाराकडून त्याच्या बँकेत द्यायच्या अर्जाचा मसुदा मागा. देणार नाही म्हणाला तर प्रोफॉर्मावरच (सौद्याआधी देतो त्या कच्च्या इनव्हॉइसवरच) या अटी छापा:

- मुदत भारतात संपावी, ढाक्यात नव्हे.
- माल रवाना झाल्यापासून कागद देण्यासाठी 21 दिवस.
- टप्प्याटप्प्याने माल पाठवायला परवानगी. चार ट्रक वेगवेगळ्या दिवशी निघाले तरी अडायला नको.
- समुद्रमार्गे जाणार असेल तर बंदर 'भारतातले कोणतेही बंदर'.
- वजन आणि रक्कम दोन्हींत 5 टक्के कमीजास्त.

शेवटच्या अटीवर थांबतो, कारण रुईवाल्यांचे नुकसान इथेच होते. एलसी चालतात त्या यूसीपी 600 या नियमावलीत मालाच्या प्रमाणात 5 टक्के कमीजास्त आपोआप चालते. पण प्रमाण नगांत किंवा बांधणीच्या संख्येत लिहिले असेल तर ही सूट मिळत नाही. एलसीत नुसते '102 टन' असेल तर 96.9 ते 107.1 टन चालेल. '600 गाठी' असे लिहिले की 600 म्हणजे 600. 599 गाठी गेल्या तर तो दोष, म्हणजे बँकेला पैसे नाकारायचे कारण. आणि टनात सूट मिळाली तरी एकूण रक्कम 1,73,400 डॉलरच्या वर जात नाही. गाठी 160 च्याही भरतात, 175 च्याही. तेव्हा प्रमाण टनात लिहून घ्या आणि रकमेलाही 5 टक्के सूट मागा.

सावध: 'खरेदीदाराच्या प्रतिनिधीने सही केलेले तपासणी प्रमाणपत्र' अशी अट मान्य करू नका. बाजार पडला की प्रतिनिधी फोन उचलत नाही, आणि त्याच्या सहीविना तुमचा संच अपुरा. तपासणी हवीच असेल तर त्रयस्थ प्रयोगशाळेची ठेवा.

टप्पा 3: आलेला संदेश खरा आहे का, आणि नेमका कोणता आहे

व्हॉट्सअॅपवर आलेली स्विफ्टची पीडीएफ म्हणजे छापील कागद, त्यापलीकडे काही नाही. एलसी तुमच्या बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेत उतरली पाहिजे आणि बँकेने स्वतःच्या पत्रासह, आपला संदर्भ क्रमांक घालून तुम्हाला कळवली पाहिजे. कळवणारी बँक संदेशाच्या दिसत्या खरेपणाची खात्री करून मगच कळवते. पैसे देण्याची हमी मात्र ती घेत नाही, तिने पुष्टी दिली असेल तरच घेते.

नंबर ओळखा (एमटी म्हणजे स्विफ्ट संदेशाचा प्रकार):

- एमटी 700: एलसी. लांब असेल तर पुढचा भाग एमटी 701 मध्ये येतो. पहिल्याच रकान्यात 1/2 दिसले तर दुसरा भाग मागून घ्या.
- एमटी 705: एलसी येणार असल्याची पूर्वसूचना. यावर माल हलवू नका.
- एमटी 707: एलसीतली दुरुस्ती.
- एमटी 710: तिसऱ्या बँकेमार्फत आलेली एलसी.
- एमटी 760: बँक गॅरंटी किंवा स्टँडबाय एलसी. याच्या अटी वेगळ्या, या लेखात नाहीत.
- एमटी 799: मोकळ्या मजकुराचा प्रमाणित निरोप. हमी नव्हे.
- एमटी 999: मोकळा मजकूर, तोही अप्रमाणित.

सावध: '799 आली की 760 येईल, आधी प्रोसेसिंग फी भरा' असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर तिथूनच परत फिरा. एलसी उघडण्याचे शुल्क उघडणारा भरतो, माल विकणारा नव्हे.

टप्पा 4: एमटी 700 रकान्या-रकान्याने वाचा

कागद टेबलावर ठेवा, हातात लाल पेन घ्या. संदेश आला त्याच दिवशी हे काम करा. रकान्यांना नंबर असतात. पैसे ठरवणारे रकाने खालचे.

31डी, मुदत आणि ठिकाण. तारीख सहा आकड्यांत येते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. '260331' म्हणजे 31 मार्च 2026. शेजारी ठिकाण असते. तिथे ढाका असेल तर कागद त्या तारखेपर्यंत ढाक्यातल्या बँकेत पोचले पाहिजेत, तुमच्या नागपूरच्या शाखेत नव्हे. कुरियरचे दिवस तुमच्याच मुदतीतून जातात.

32बी, चलन आणि रक्कम. स्विफ्टमध्ये दशांश चिन्ह स्वल्पविराम असते. 'यूएसडी173400,00' म्हणजे एक लाख त्र्याहत्तर हजार चारशे डॉलर. आपल्या सवयीने स्वल्पविरामाच्या पुढची शून्ये मोजून कोटीत जाऊ नका.

39ए, रकमेतली सूट. '5/5' असेल तर वर 5 आणि खाली 5 टक्के. हा रकाना नसेल तर वरची सूट नाही.

41, कोणत्या बँकेत आणि कशा प्रकारे. 'कोणत्याही बँकेत, निगोशिएशनने' असेल तर उत्तम, आपली बँक कागद घेऊन आगाऊ पैसे देण्याचा विचार करू शकते. फक्त उघडणाऱ्या बँकेतच असेल तर पैसे तिकडून सुटेपर्यंत थांबावे लागते. याच्याजवळचा 42सी वाचा: दर्शनी (कागद पाहताच पैसे) की 90 किंवा 120 दिवसांची उधारी. भाव ठरवताना व्याज धरले नसेल तर ते तुमच्या खिशातून जाईल.

44ई आणि 44ए, माल कुठून. कंटेनर नागपूरच्या आयसीडीतून (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून) रेल्वेने न्हावा शेवाला जातो. आयसीडीचे नाव 44ए मध्ये येते. 44ई मध्ये समुद्री बंदरच हवे. खरेदीदार 44ई मध्ये नागपूर लिहून मोकळा होतो आणि मग बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या कागदाचा) मेळ बसत नाही.

44सी, माल रवाना करण्याची शेवटची तारीख. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कागद पुढच्या कामाच्या दिवशी देता येतात. 44सी ला ही सवलत नाही.

45ए, मालाचे वर्णन. इनव्हॉइसवर याच्याशी जुळणारे वर्णन हवे. उतरवून घेणे सगळ्यात सुरक्षित. एलसीत तंतूची लांबी 29 मिमी आणि मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा) 3.5 ते 4.9 असेल तर इनव्हॉइसवर '29/30 मिमी' लिहू नका, माल तसा असला तरी.

46ए आणि 47ए, कागद आणि जादा अटी. प्रत्येक ओळीसमोर लिहा: हा कागद कोण देणार, किती प्रती, किती दिवसांत. बांगलादेशच्या एलसीत बरेचदा आयात परवान्याशी संबंधित क्रमांक आणि एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गाचा क्रमांक, रुईसाठी 5201) इनव्हॉइसवर छापायची अट असते. एक आकडा राहिला तरी दोष लागतो.

48, कागद द्यायचे दिवस. रिकामे असेल तर 21.

49, पुष्टी. 'विदाऊट' म्हणजे फक्त परदेशी बँकेची हमी. त्या बँकेवर भरवसा नसेल तर आपल्या बँकेकडून पुष्टीचा खर्च आधीच विचारून घ्या, पुष्टीची अट मागाहून घालायची म्हणजे पुन्हा दुरुस्ती आली.

71डी, शुल्क. 'बांगलादेशाबाहेरचे सर्व शुल्क लाभार्थ्याकडे' हे नेहमीचे आहे. भावात धरा.

तपासा: नाव अक्षरशः जुळते का? पत्त्याबाबत नियम सैल आहे. देश तोच असला की पत्त्यातला फरक सहसा दोष धरत नाहीत. यवतमाळचे जुने इंग्रजी स्पेलिंग आले म्हणून दुरुस्ती मागवू नका. नावात मात्र 'प्रायव्हेट' गळले असेल तर मागवा.

टप्पा 5: दुरुस्ती हवी असेल तर माल थांबवा

दुरुस्त्यांची एकच यादी करा आणि एकदाच पाठवा. तीनदा मागितली तर तीनदा शुल्क. खरेदीदार त्याच्या बँकेला सांगेल आणि तिथून एमटी 707 येईल. तो येईपर्यंत खरेदीदाराचे 'ठीक आहे, पाठवा' काही कामाचे नाही. बँक त्याच्या चॅटला बांधील नाही.

आलेल्या दुरुस्तीत तीन मुद्दे असले आणि त्यातले दोनच पटले तर दोनच घेता येत नाहीत. अर्धवट स्वीकार म्हणजे नकार. आणि तुमच्या संमतीशिवाय एलसी बदलत नाही हेही लक्षात ठेवा: भाव पडल्यावर रक्कम कमी करणारी 707 आली तर गप्प बसू नका, नकार लेखी कळवा.

टप्पा 6: माल रवाना करणे, तारखेवर डोळा ठेवून

रस्त्याने पेट्रापोल-बेनापोलमार्गे जाणार असेल तर वाहतुकीचा कागद म्हणजे ट्रकची बिल्टी. तिच्यावर हे बघा: वाहतूकदाराचे नाव आणि सही, माल घेतल्याचे ठिकाण एलसीतलेच, माल कोणाच्या नावे (बहुतेक वेळा उघडणाऱ्या बँकेच्या आदेशानुसार), आणि मालपाठव्याची मूळ प्रत. ट्रान्सपोर्टवाला सवयीने खरेदीदाराचे नाव टाकतो. ट्रक निघण्याआधी ड्रायव्हरच्या हातची बिल्टी स्वतः वाचा, कारण निघाल्यावर दुरुस्तीला वाहतूकदाराची सही पुन्हा लागते.

समुद्रमार्गे असेल तर बिल ऑफ लेडिंगवर माल जहाजावर चढल्याची नोंद हवी: तारीख, जहाजाचे नाव, बंदर. नागपुरात कंटेनर दिल्याची तारीख ती ही नव्हे. कंटेनर 8 मार्चला नागपुरात दिला आणि जहाजावर 17 मार्चला चढला, तर एलसीच्या दृष्टीने माल 17 मार्चला गेला. 44सी मध्ये 15 मार्च असेल तर गेलीच ती एलसी हातची. रेल्वे रॅक आणि जहाज दोन्हींचा उशीर धरून उलटे मोजत या.

सावध: पावसात भिजलेल्या किंवा फाटलेल्या गाठी लोड होऊ देऊ नका. बिल्टीवर किंवा बिल ऑफ लेडिंगवर 'काही गाठी ओल्या' अशी नोंद पडली की तो कागद स्वच्छ राहत नाही, बँक तो घेत नाही.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि मूळ देशाचे प्रमाणपत्र मागितले असेल तर अर्ज माल निघण्याआधीच करा. तपासायला माल समोर लागतो.

टप्पा 7: संच लावणे

क्रम असा ठेवा. आधी वाहतुकीचा कागद हातात घ्या. मग पक्के इनव्हॉइस, गाठवार वजनयादी, आणि शेवटी बाकीची प्रमाणपत्रे पडताळा. इनव्हॉइस आधी पक्के करून ठेवणारे नंतर वजन बदलले की अडकतात.

आता एकाच बैठकीत सगळे कागद आडवे मांडून हे आकडे बोटाने मिळवा: गाठींची संख्या, निव्वळ वजन, ठोक वजन, लॉट नंबर, एलसी नंबर, ट्रक किंवा कंटेनर नंबर. वजनयादीत 1,01,640 आणि मूळ देशाच्या प्रमाणपत्रात 1,02,000 असेल तर तो सरळ दोष आहे. साध्या टंकनचुकीने अर्थ बदलत नसेल तर ती चालून जाते, पण अंक चुकला तर चालत नाही. विमा तुमच्याकडे असेल तर सीआयएफ किमतीच्या (माल, विमा आणि भाडे मिळून) किमान 110 टक्के, आणि पॉलिसीची तारीख माल निघाल्यानंतरची नको.

टप्पा 8: बँकेत देणे आणि दिवस मोजणे

जहाजाची तारीख 10 मार्च, रकाना 48 मध्ये 15 दिवस, मुदत 31 मार्च. शेवटचा दिवस 25 मार्च, 31 नव्हे. दोन तारखांपैकी आधीची धरायची. तुम्ही 18 तारखेला द्या, म्हणजे बँकेने चूक काढली तर नवा कागद करायला आठवडा उरतो. कागद नेमलेल्या बँकेत दिल्याची तारखेसह पोच घ्या. तालुक्याच्या शाखेने लखोटा टेबलावर ठेवला तर ती तारीख धरली जात नाही.

बँकेला तपासायला कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त 5 कामाचे दिवस मिळतात. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. ढाक्यात गुरुवारी लखोटा पोचला तर पाचवा दिवस पुढच्या गुरुवारी येतो. मध्ये ईद आली तर आणखी पुढे.

दोष निघाला तर आपल्या शाखेत अधिकाऱ्यासमोर बसा आणि या क्रमाने जा:

1. मुदत शिल्लक असेल तर कागद बदला. हाच एकमेव चांगला मार्ग आहे.
2. बदलता येत नसेल तर बँकेकडून एमटी 750 पाठवून खरेदीदाराच्या बँकेची संमती विचारा.
3. तेही जमले नाही तर कागद मंजुरीसाठी पाठवा, पण तेव्हापासून हमी संपली. आता ती उधारी आहे आणि खरेदीदार भाव पाडून मागेल.

परदेशी बँक नकार देते तो एमटी 734 ने, सगळे दोष एकाच वेळी लिहून आणि 5 दिवसांच्या आत. उशिरा कळवले किंवा नंतर नवे दोष काढले तर तिला ते धरता येत नाहीत. असा संदेश आला की तारखा मोजा आणि बँकेला उत्तर द्यायला लावा. बँकेचा कर्मचारी सहसा स्वतःहून मोजत नाही.

टप्पा 9: पैसे येतात तेव्हा

खरेदीदार 'पैसे टाकले' म्हणून स्विफ्टची प्रत पाठवतो. त्यावरचा यूईटीआर शोधा, 36 चिन्हांचा, मध्ये आडव्या रेघा असलेला लांब क्रमांक. तो बँकेला द्या, म्हणजे पैसे कोणत्या बँकेत थांबलेत ते बघता येते. क्रमांक देत नसेल तर पैसे निघाले नाहीत असे धरा. 22 नोव्हेंबर 2025 पासून बँकांमधल्या परदेशी पेमेंटचे संदेश नव्या एक्सएमएल रूपात जातात, त्यामुळे जुन्या एमटी 103 (पैसे पाठवल्याचा संदेश) च्या छापील प्रतीवर तर आता आणखीच कमी विसंबा.

जमा रक्कम 1,73,400 ऐवजी थोडी कमी येईल. दोषाचे शुल्क, परदेशी बँकेचे शुल्क, टपाल असे कापलेले असते. बँकेच्या जमा पत्रकावर ही कपात 'परदेशी बँक शुल्क' म्हणून वेगळी लिहून घ्या आणि शिपिंग बिलाचा (कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदाचा) नंबर त्याच दिवशी द्या. नाहीतर तेवढ्या रकमेसाठी शिपिंग बिल बँकेच्या नोंदीत उघडे राहते, ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचे प्रमाणपत्र) अडते आणि पुढच्या हंगामात तीच शाखा जुन्या चाळीस डॉलरचा हिशोब विचारत बसते.